सवाल गिरणीचा, जवाब कामठीचा

आमच्या वस्तीतल्या गायन संमेलनात मी तीसेक वर्षं पेटी वाजवली. पोटासाठी मी कार्पोरेशनच्या प्राथमिक शाळेत शिकवत होते, पण वस्तीत आजही मला ओळखतात ते पेटीवाली मास्तरीण म्हणूनच.

संमेलन जानेवारीच्या थंडीत, बुद्धविहाराच्या मागच्या मैदानावर भरायचं. दोन दिवस, सकाळच्या चहापासून दिवेलागणीपर्यंत. पार्ट्या काटोलहून, उमरेडहून, कामठीहून, बुटीबोरीच्या आसपासच्या खेड्यांमधून यायच्या आणि शेवटची बस धरून परत जायच्या, म्हणून कार्यक्रम दिवसाच ठेवलेला. बुटीबोरीला तेव्हा कारखाने नव्हते, शेतंच होती.

दीक्षा घेतल्यावर चार-पाच वर्षांनी वस्तीतल्या लोकांनी हे सुरू केलं. जुनी गाणी आम्ही सोडली होती. देवादिकांची सोडली, तशी गंमतीचीही सोडली. गंमत म्हणजे आमच्याकडचा तमाशा. आता नवी गाणी हवी होती. ती रचणारे लोक गावोगाव होते, पण एका गावचं गाणं दुसऱ्या गावाने ऐकलेलं नव्हतं. सगळ्यांना एकदा एका मैदानावर आणायचं, एवढाच विचार त्यामागे होता.

माझे वडील तरुणपणी गंमतीत पेटी वाजवायचे. दीक्षेनंतर त्यांनी गंमत सोडली, पण पेटी विकली नाही. जुन्या धोतरात गुंडाळून कोठीत ठेवून दिली. संमेलन सुरू झालं तेव्हा बऱ्याच पार्ट्यांकडे ढोलकी, तुणतुणं आणि झांज एवढंच होतं. म्हणून वडिलांनी पेटी बाहेर काढली. दोन वर्षं तेच सगळ्यांच्या साथीला बसले. तिसऱ्या वर्षी त्यांच्या उजव्या हाताचे सांधे धरले. आदल्या संध्याकाळी ते मला म्हणाले, "तू बस. सगळ्या चाली ऐकल्या आहेस." मी बसले. कुणी हरकत घेतली नाही. वडील माझ्या पुढ्यात मोठा फेटा बांधून बसले होते, त्यामुळे निम्म्या लोकांना मी दिसलेच नसेन.

किती तऱ्हेचे गाणारे पाहिले तिथे. उमरेडकडचे तीन भाऊ बंडी जुंपून यायचे आणि बैलांपुढे कडबा टाकल्याशिवाय मंचावर चढायचे नाहीत. एक रेल्वेतला हमाल डोळे मिटून गाता गाता माईकपासून इतका लांब जायचा की कुणीतरी हाताला धरून त्याला परत आणावं लागे. काटोलचा एक तुणतुणेवाला तार लावण्यात इतका वेळ घालवायचा की एका वर्षी त्याची पाळी त्यातच संपली. तो शांतपणे उठला, लोकांना नमस्कार केला आणि जेवायला गेला.

पण संमेलनाचा खरा गाणारा एकच होता. त्याला आम्ही गिरणीवाले काकाजी म्हणायचो. उंच, काळासावळा माणूस. गिरणीत जिथे कापूस पिंजतात त्या खात्यात कामाला होता. आवाज असा की माईक बाजूला सारून गायचा. "हे भोंगं ज्याचा गळा बसला त्याले द्या," म्हणायचा. लिहितावाचता त्याला येत नव्हतं. गाणी तोंडानेच रचायचा आणि तोंडपाठ ठेवायचा. त्याची खासियत सवालाची. गाण्यातून सवाल टाकायचा आणि दुसऱ्या पार्टीने गाण्यातूनच जवाब द्यायचा. बहुतेक जण अडायचे. मग काकाजी मिशीवरून हात फिरवून खाली उतरायचा.

प्रत्येक गळ्याची पेटीवर आपली एक पट्टी असते. त्या सुरावर गाणं उभं राहतं. काकाजीची पट्टी होती पांढरी चार. पुरुषाच्या मानाने उंच. त्या पट्टीत गाता यावं म्हणून कितीतरी जण नुसते ओरडायचे. काकाजी त्यात आरामात बोलल्यासारखा गायचा.

मी पेटीवर बसायला लागून तीन-चार वर्षं झाली असतील. एका सकाळी "कामठी पार्टी" असं पुकारलं. एक शिडशिडीत माणूस ढोलकी घेऊन वर आला, मला नमस्कार करून बसला. गाणारा कोण म्हणून सगळे पाहत होते. तेवढ्यात मंचाच्या पायऱ्या चढून एक बाई आली. हिरवं लुगडं, पदर कमरेला खोचलेला. ती त्या ढोलकीवाल्याची बायको होती. दोघं कामठीला हातमागावर विणकाम करायची. सरळ माईकपाशी जाऊन ती उभी राहिली.

मांडवात कुजबुज सुरू झाली. काकाजी पुढच्या सतरंजीवरून उठला.

"हे काय चालू हाय गा? बायाच उभ्या कराच्या होत्या त गंमत काय वाईट होती? सोडली काहून आपण?"

काही लोकांनी माना डोलावल्या. मला त्यांचा राग आला, पण त्यामागची भीतीही कळत होती. गंमतीतल्या बाईकडे गावचे लोक कोणत्या नजरेने पाहायचे हे आमच्या माणसांनी पिढ्यान् पिढ्या सोसलं होतं.

वडील म्हणाले, "पेटीवर माझी पोरगी चार वर्सापासून बसून राहिली. तवा तुमचा आवाज नाही निघाला."

"पेटीची गोष्ट वेगळी. ते काय तोंड उघडते?"

मग ती बाईच बोलली. आवाज चढवला नाही. "दादा, मी नाचाले नाही आली. गाणं म्हणाले आली. तुम्ही सवाल टाका. जवाब नाही आला त आपली खाली उतरून जाईन."

लोकांना हे आवडलं. "टाका, टाका," असा गलका झाला. काकाजी मंचावर आला. माझ्याकडे पाहून त्याने चार बोटं दाखवली आणि गायला:

"कापूस पिंजतो मी गं बाई, सूत माह्या गिरणीचं,
सांग विणकराच्या लेकी, लुगड्यात तुहं काय?"

हा सवाल त्याने उभ्या उभ्याच रचला होता. कामठीच्या बाईने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने ढोलकीवर दोन आवर्तनं जास्त वाजवली, तिला विचाराला वेळ मिळावा म्हणून. मग ती त्याच पट्टीत गायली:

"सूत तुहं सुटं सुटं, वाऱ्यावर उडून जाये,
उभ्याले आडवं भेटवलं, तवा लुगडं झालं भाऊ!"

मग बायांच्या बाजूने पहिली टाळी पडली, आणि मग सगळा मांडव. उभा धागा आणि आडवा धागा, दोन्ही एकत्र आले तरच कापड. आमच्या माणसांना यातला अर्थ सांगावा लागला नाही. काकाजी म्हणाला, "म्हण आता तुहं गाणं," आणि खाली जाऊन बसला.

त्यानंतर दरवर्षी दुसऱ्या दिवशी दुपारी त्या दोघांचा मुकाबला ठरलेला. लोक त्यासाठीच यायचे. झाडांवर, भिंतीवर, विहाराच्या ओट्यावर माणसं बसायची. काकाजी सवाल टाकायचा आणि कामठीच्या ताई जवाब द्यायच्या. आम्ही तिला ताई म्हणायला लागलो होतो, आणि तिच्या नवऱ्याला मी भाऊजी म्हणायचे. मुकाबला संपला की दोघं एकमेकांशी एक शब्द बोलत नसत. जेवायला काकाजी आपला डबा घेऊन लांब कडुनिंबाखाली बसायचा. किती वर्षांनी कोण जाणे, एकदा तो उठून आमच्या पंगतीपाशी आला आणि ताईंना म्हणाला, "चटणी दे वं थोडी. वास तिथपर्यंत येऊन राहिला." त्या दिवसापासून तो आमच्यात बसायला लागला. तरी सवाल टाकताना त्याने कधी दयामाया दाखवली नाही. एकदा ताई अडल्या तेव्हा त्याने मांडवाला तीनदा विचारलं, "हाय कोणी?" आणि मगच स्वतः जवाब गायला.

मग एका वर्षी मला जाणवलं की काकाजी ओळीच्या मधेच श्वास घेतोय. शब्द अर्धा तोडून. पेटीवाल्याला हे लगेच कळतं, कारण सूर कुठे ठेवायचा हे गाणाऱ्याच्या दमावर असतं. पुढच्या वर्षी तो प्रत्येक कडव्यानंतर खोकायला लागला. कापसाची धूळ किती वर्षं छातीत गेली होती. त्या खात्यातल्या पुष्कळांचं तसंच झालं होतं. फरक इतकाच की ते गात नव्हते. पांढरी चारमध्ये वरचा सूर लावताना त्याच्या मानेच्या शिरा फुगायच्या आणि सूर लागायचाच नाही.

त्याच्या पुढच्या संमेलनाच्या सकाळी ताई माझ्यापाशी आल्या.

"बाई, आज दुपारी पेटी पांढरी दोनवर धरा."

"तुमचा आवाज बुडेल, ताई. खालचे सूर ऐकूच येणार नाहीत."

"बुडू द्या माहा. दादाले तेवढं खाली सोपं जाईल. कोणाले सांगू नका."

मी हो म्हटलं. पण पट्टी उतरवायची तर ढोलकीही उतरवायला लागते. मंचामागे आमच्या दोघींजवळ भाऊजी दोरीतल्या कड्या सरकवून ढोलकी सैल करत बसले होते, आणि नेमका काकाजी तिकडून आला.

"कड्या काहून उतरवून राहिला गा?"

भाऊजींना खोटं बोलता येत नसे. ते नुसते ढोलकीकडे बघत राहिले. काकाजीने माझ्याकडे पाहिलं, ताईंकडे पाहिलं. त्याला समजलं.

"कोणी सांगितलं हे? तू?"

"दादा, थंडी हाय. गळा धरला असन म्हून..."

"गळा माहा हाय. त्याची फिकीर मी करीन. पंधरा वर्स तुह्यासंग पांढरी चारमध्ये गायलो, आजही त्यातच गाईन. मले दया नको दाखवू." मग माझ्याकडे वळून, "आणि तू वं मास्तरीण, पट्टी मले विचारून बदलवाची असते."

दुपारी मी पांढरी चारच धरली. सवालाची पहिली ओळ त्याने नीट म्हटली. दुसऱ्या ओळीत वर जाताना खोकल्याची उबळ आली. थांबला, पुन्हा म्हणायला गेला, पुन्हा उबळ. तिसऱ्यांदा तो मंचावर खालीच बसला. ताई पाणी घेऊन पुढे गेल्या, त्याने हाताने नको म्हटलं. दोन पोरांनी त्याला धरून खाली नेलं. सवाल अर्धाच राहिला, म्हणून जवाब झालाच नाही.

पुढच्या वर्षी काकाजी आला नाही. गिरणीतूनही तो सुटला होता. ताईंनी एकटीने चार गाणी म्हटली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण मागून कुणीतरी ओरडलं, "मुकाबला कुठी हाय?" जेवताना ताईंनी भाकर हातात घेतली आणि तशीच ठेवली.

संमेलनानंतरच्या रविवारी ती दोघं बसने कामठीहून माझ्या घरी आली. "चला बाई, दादाकडे जाऊ," ताई म्हणाल्या. मी चपला घातल्या आणि निघाले.

काकाजी अंगणात बाजेवर बसला होता, भोवती कोंबड्या दाणे टिपत होत्या. छाती भात्यासारखी हलत होती. त्याच्या बायकोने आम्हाला सतरंजी टाकली आणि चहा ठेवायला आत गेली. मी तिला पहिल्यांदाच पाहत होते. इतक्या वर्षांत ती संमेलनाला कधी आली नव्हती.

काकाजीच आधी बोलला, "पाहाले आली का? पाहून घे. गाणं संपलं माहं."

"गळा बसला, दादा. गाणं कुठी संपलं? सवाल त डोक्यातून येते ना?"

"येते. येऊन काय करू? कोणाले सांगू, या कोंबड्याइले?"

"माईकवर सांगा. बोलून सांगा. गायाचं नाही, नुसतं बोलाचं."

तो चिडला. "माईकवर? ते भोंगं? लोक हासतीन माह्यावर."

"हासले त मी खाली उतरून जाईन," ताई म्हणाल्या. "पण सवाल मले आधी सांगाचा नाही. सोपा पण टाकाचा नाही. दया नको तुम्हाले, मलेबी नको."

काकाजी हसला आणि हसता हसता खोकायला लागला. त्याच्या बायकोने पाणी आणून दिलं. ती तिथेच उंबऱ्यात बसून राहिली. निघताना तो भाऊजींना म्हणाला, "ढोलकी चढवूनच आण गा."

पुढच्या जानेवारीत तो आला. रिक्षातून आला आणि मंचावर त्याच्यासाठी खुर्ची ठेवली होती तिच्यावर बसला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने माईक जवळ ओढला. एक ओळ बोलायचा, थांबायचा, दम घ्यायचा, दुसरी बोलायचा. त्याचा दम जिथे तुटे तिथे मी पेटीवर सूर भरायचे. त्यामुळे ते तुटलेलं वाटलंच नाही. उलट प्रत्येक शब्द लोकांच्या मनात नीट उतरायला वेळ मिळाला. आधी दोन-चार पोरं हसली होती. दुसऱ्या सवालापर्यंत मांडव गप्प झाला.

जवाबाच्या आधी मी नेहमीसारखी बोटं पांढरी चारवर ठेवली. ताई वाकून म्हणाल्या, "आज काळी चार द्या बाई."

मी चमकले. ही पट्टी पांढरी चारपेक्षाही वरची, आणि भाऊजींनी ढोलकी आधीच तेवढी चढवलेली. मी दिली. आणि त्या गायला लागल्या तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ही बाई इतकी वर्षं काकाजीच्या पट्टीत गात होती. तिची स्वतःची पट्टी ही होती. आवाज वर गेला तो विहाराच्या कळसापर्यंत गेल्यासारखा वाटला, आणि तिथेही त्याला ओढाताण नव्हती. काकाजी खुर्चीवर मागे रेलून ऐकत होता. गाणं संपल्यावर माईक सुरू आहे हे विसरून तो म्हणाला, "मले सांगितलं काहून नाही वं, आतापर्यंत?"

सगळ्या मांडवाने ते ऐकलं. ताई म्हणाल्या, "तुम्ही विचारलंच नाही, दादा." लोक पोट धरून हसले. काकाजीही.

असं पाच-सहा वर्षं चाललं. त्या काळात संमेलनही बदलत गेलं. पार्ट्या बंडीऐवजी टेम्पोतून यायला लागल्या. कुणी सीताबर्डीवरून टेपरेकॉर्डर विकत आणून मंचापुढे ठेवायचा. ऑर्गन आला, बँजो आला, सिनेमाच्या चालींवर गाणी आली. बाया गायला लागल्या, आणि हमालाची मुलगी, उमरेडच्या भावांच्या सुना मंचावर आल्या तेव्हा हरकत घ्यायला कुणी उठलं नाही. कामठीला यंत्रमाग आले. भाऊजींनी हातमाग मोडीत काढला आणि दुसऱ्याच्या यंत्रमागावर नोकरी धरली. ताई घरी शिवणकाम करायच्या.

काकाजी एका पावसाळ्यात गेला. मातीला आम्ही सगळे गेलो होतो. ताई अंत्ययात्रेत शेवटपर्यंत चालल्या.

त्यानंतरच्या जानेवारीत दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांची पाळी आली. मंचावर खुर्ची नव्हती. मला वाटलं, त्या आपली दोन गाणी म्हणून उतरतील. पण माईकपाशी उभ्या राहून त्यांनी विचारलं, "सवाल कोण टाकते?"

पुरुषांकडे चुळबूळ झाली. मग बायांच्या बाजूने कोणीतरी हळूहळू उठलं. काकाजीची बायको होती. आमच्या संमेलनात ती पहिल्यांदाच आली होती. एका पोराने माईकची वायर ओढत तिच्यापर्यंत नेली. माईक कसा धरायचा हे तिला माहीत नव्हतं, म्हणून त्यानेच धरला.

"मले गाता येत नाही," ती म्हणाली. "इचारू का तसंच?"

"इचारा ना माय," ताई म्हणाल्या.

"इतके वर्स तो इथी येऊन गाये. समदी दुनिया त्याचं गाणं ऐके. घरी आला का गप. जेवला का झोपला. मले एक ओळ नाही ऐकवली कधी. काहून, सांग?"

मी सवयीने सूर धरून होते. भाऊजींनी ढोलकीवर बोट ठेवलं, वाजवली नाही. ताई कधी अडल्या तर त्यांची नजर वर जायची. आज ती त्या बाईवरून हलली नाही.

"याचा जवाब माह्यापाशी नाही, माय," त्या म्हणाल्या. "त्याच्यापाशी असन. पण त्याची गाणी मले येते."

मग त्या पायऱ्या उतरून बायांमध्ये गेल्या, तिच्यासमोर बसल्या आणि माईकशिवाय काकाजीचे सवाल एकामागून एक गात राहिल्या. मी पेटी उचलून मंचाच्या कडेला आणली, तेवढ्या लांबून साथ केली. मागच्या लोकांना नीट ऐकू येत नव्हतं, तरी कुणी उठलं नाही. काकाजीची बायको मांडीवर हात ठेवून ऐकत होती. शेवटी तिने ताईंच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "बरा हाय तुहा आवाज. त्याचा असाच होता का?"

"माह्यापेक्षा चांगला होता," ताई म्हणाल्या.

तेव्हापासून आमच्या संमेलनात सवाल मांडवातून यायला लागले. बहुतेक बायाच टाकायच्या. कुणाचा सासरचा, कुणाचा पोराच्या शाळेचा, कुणाचा नळाच्या पाण्याचा. नुसतं अडवायला टाकलेले सवाल कमी झाले. ताई काही तयारी करून येत नसत. कधी जवाब सुचायचा, कधी नाही. सुचला नाही तर त्या तसं सरळ सांगायच्या, माझ्याकडे बघून पट्टी मागायच्या आणि पुढचं गाणं धरायच्या.